अबोल मूल आणि शाबासकी

रायपूर शहराच्या पूर्वेकडील भागात तेलीबांधा नावाचे एक जुने तळे आहे. छत्तीसगड हा मूळचा तळ्यांचा मुलूख, आणि रायपूरची वस्तीही तळ्यांच्या आश्रयाने वाढलेली. एकेकाळी गावाबाहेरचा वाटणारा हा भाग आता भर शहरात आला आहे. धमतरीकडे जाणारी छोटी रेल्वे पूर्वी येथून धावत असे, ती आता राहिलेली नाही. तळ्याभोवती फिरावयास प्रशस्त वाट झाली आणि लोक कौतुकाने तिला ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणू लागले. संध्याकाळी या वाटेवर घटकाभर उभे राहिले तर छत्तीसगढी आणि हिंदी यांच्याबरोबर पंजाबी, सिंधी, ओडिया आणि मराठी असे अनेक भाषांचे बोल कानांवर पडतात. मराठी येथे काही कालपरवा आलेली नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, तेव्हापासून मराठी घरे या प्रदेशात रुजली आहेत.

अशा वस्तीतील एखाद्या प्राथमिक शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. गुरुजी किंवा बाई प्रश्न विचारतात. प्रश्न पुरता होण्याआधीच सातआठ हात वर जातात. त्यांतल्या एकाचे उत्तर घेतले जाते, ‘शाबास’ म्हटले जाते आणि धडा पुढे सरकतो. याच वर्गात तिसऱ्या ओळीत एक मुलगी बसलेली असते. तिचा हात वर नसतो, परंतु तिच्या पाटीवर उत्तर लिहिलेले असते, आणि ते बरोबर असते. पाटी कोणी पाहत नाही. वर्षअखेरीस, किंवा सव्वीस जानेवारीच्या समारंभात, बक्षिसे वाटली जातात. उत्तम वक्ता, उत्तम गायक, उत्तम खेळाडू, आदर्श विद्यार्थी अशी नावे पुकारली जातात. ती मुलगी प्रत्येक नावाला टाळ्या वाजवते. पाच वर्षे टाळ्या वाजवून ती प्राथमिक शाळेतून बाहेर पडते. ही मुलगी कल्पनेतली आहे, परंतु अशी मुलगी नाही असा वर्ग सापडणे कठीण.

यात कोणी दुष्टपणा केलेला नसतो. शाळेची रचनाच अशी असते की, जे ऐकू येते तेच तेथे मोजले जाते. एका वर्गात तीस मुले आहेत आणि तास चाळीस मिनिटांचा आहे असे धरले, तर शिक्षकाने दुसरे काहीही न करता केवळ मुलांकडेच लक्ष दिले तरी प्रत्येकाच्या वाट्यास ऐंशी सेकंद येतात. प्रत्यक्षात फळा लिहावयाचा असतो, हजेरी घ्यावयाची असते, भांडणे मिटवावयाची असतात. उरलेले लक्ष दोन दिशांना वाहते. एक दिशा पुढे पुढे करणाऱ्यांची, दुसरी खोड्या करणाऱ्यांची. जो मदतही मागत नाही आणि त्रासही देत नाही, त्याच्यापर्यंत लक्षाचा ओघ पोहोचतच नाही. प्रगतिपत्रकावर त्याच्यासाठी ‘शांत आहे’ एवढे दोन शब्द उमटतात, आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकास तेवढीच ओळख वारशाने मिळते.

वर्गातील हा वेळ कसा वाटला जातो, याचा अभ्यास अमेरिकेतील मेरी बड रो या शिक्षणशास्त्रज्ञ बाईंनी केला. 1970 नंतरच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात असे आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरीने जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न दुसऱ्याकडे जातो, अथवा शिक्षक स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी शिक्षक अधिक थांबत आणि मंद समजल्या गेलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळ हवा त्यालाच तो नाकारला जात होता. मग काही शिक्षकांना तीन सेकंद थांबण्याची सवय लावण्यात आली. एवढ्याशा बदलाने उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली, निरुत्तर राहणाऱ्यांची संख्या घटली, आणि एरवी तोंड न उघडणारी मुले बोलू लागली. ज्याला मौन म्हटले जात होते ते पुष्कळदा मौन नव्हते. ते विचार करणे होते, आणि ते पुरे होण्याआधीच प्रश्न पुढे गेलेला असे.

तथापि सर्व अबोल मुले एकाच प्रकारची असतात असे मानणे ही दुसरी चूक होईल. मुलाच्या गप्प राहण्यामागे निरनिराळी कारणे असतात, आणि प्रत्येकाला निराळा उपाय लागतो.

काही मुले स्वभावतःच शांत असतात. 1921 साली कार्ल युंग यांनी अंतर्मुख आणि बहिर्मुख असे वृत्तींचे वर्गीकरण मांडले. पुढे जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी लहान बालकांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखविले की, काही बालके नवी माणसे आणि नवी ठिकाणे पाहून जात्याच बिचकतात, आणि या वृत्तीचा काही अंश मोठेपणीही टिकून राहू शकतो. हा दोष नव्हे. अशा मुलाला ‘बोल, बोल’ म्हणून सर्वांसमोर उभे करणे म्हणजे मोगऱ्याची कळी बोटांनी उघडण्यासारखे आहे.

काही मुले भाषेमुळे गप्प असतात. तेलीबांध्यासारख्या वस्तीत हे कारण विशेष मोलाचे आहे. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि वर्गात हिंदी किंवा इंग्रजी, अशा तीन पायऱ्या चढून मुलाला धड्यापर्यंत यावे लागते. नव्या भाषेत शिरणारे मूल प्रथम काही महिने केवळ ऐकते, साठविते, मनात जुळवून पाहते. बाहेरून ते रिकामे दिसते आणि आत मात्र मोठी उलाढाल चालू असते. हीच बहुभाषिकता पुढे केवढी संपत्ती ठरू शकते याचे उदाहरण याच प्रदेशात आहे. माधवराव सप्रे यांची घरची भाषा मराठी. शिक्षणासाठी ते बिलासपूर आणि रायपूर येथे राहिले. 1900 साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि पुढे दासबोध व लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. छत्तीसगडाच्या विधानसभेने 2007 मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान दिले, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकविण्याचा पुरस्कार केला. परंतु वर्गातल्या मुलाला या घोषणांपेक्षा एक वाक्य जवळचे असते: ‘तुला येते त्या भाषेत सांग.’

काही मुले भीतीने गप्प असतात. कधीतरी चुकलेल्या उत्तरावर वर्ग हसलेला असतो, आणि ते हसू वर्षभर कानांत राहते. काहींना नीट ऐकू येत नाही किंवा फळा दिसत नाही, आणि तसे सांगण्याचे धैर्य नसते. काही मुले घरी भरभरून बोलतात परंतु शाळेत महिनोन्महिने एक शब्दही उच्चारीत नाहीत. हा हट्ट नसून तज्ज्ञांनी ओळखलेली एक अवस्था आहे आणि तिला वेळीच मदत मिळाली पाहिजे. दुर्लक्षाची खरी हानी येथे दिसते. बक्षीस हुकले तर ते दुःख कदाचित विसरले जाईल. परंतु ‘शांत आहे’ या शेऱ्याखाली बहिरेपणा, उपासमार किंवा भय झाकले गेले, तर त्या मुलाचे सारे शिक्षणच हातचे जाते.

शाळेच्या शाबासकीला काय दिसत नाही, याची एक प्रसिद्ध कथा महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. लहानपणी ते अत्यंत लाजाळू होते. शाळा सुटताच कोणी बोलावयास येईल या धास्तीने घरी पळत. राजकोटच्या हायस्कुलात पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीस आले आणि त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांतला ‘केटल’ हा शब्द गांधींना चुकला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावून शेजाऱ्याच्या पाटीवरून पाहण्यास सुचविले, परंतु शिक्षक तेथे नक्कल होऊ नये म्हणून उभे आहेत अशीच त्या मुलाची समजूत होती. बाकी सर्वांचे शब्द बरोबर आले. मोहनदास तेवढा मठ्ठ ठरला. त्या दिवशी वर्गात जे सर्वांत मोलाचे घडले, त्याला कोणत्याच गुणपत्रकात रकाना नव्हता. याच मुलाने पुढे 1920 मध्ये आणि 1933 मध्ये रायपुरास भेट दिली, तेव्हा त्याचे हळू आवाजातले शब्द ऐकावयास माणसे लोटली.

मग अबोल मुलांसाठीही एखादे बक्षीस ठेवावे काय? हा उपाय प्रथम सुचतो, आणि तोच सर्वांत फसवा आहे. रोममधील सॅन लोरेन्झो वस्तीत 1907 साली बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी एक प्रसंग नोंदविला आहे. एका मुलाच्या गळ्यात बक्षिसाचे पदक होते. दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीवर बसविले होते. पहिला आपल्या कामात इतका दंग होता की, पदक गळून पडले तरी त्याने पाहिले नाही. खुर्चीवरच्या मुलाने ते उचलून दाखविले, तेव्हा ते तूच घे असे त्याने खुशाल सांगून टाकले. पुढे 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत प्रयोग केला. चित्रे काढण्याची आवड असलेल्या काही मुलांना आधीच बक्षिसाचे वचन देऊन चित्रे काढावयास लावले. काहींना अनपेक्षित बक्षीस दिले, काहींना दिलेच नाही. काही दिवसांनी पाहिले तेव्हा, वचन मिळालेल्या मुलांचीच चित्रांतील गोडी कमी झालेली आढळली. बक्षीस वाढविल्याने आनंद वाढतोच असे नाही. शिवाय ‘सर्वांत शांत विद्यार्थी’ असे बक्षीस दिले तर मौनालाच इनाम दिल्यासारखे होते, आणि मुलाची पाटी पूर्वीप्रमाणेच न पाहिलेली राहते.

मुलाला पदकापेक्षा निराळेच काही हवे असते. आपले काम कोणीतरी पाहिले, एवढी जाणीव त्याला हवी असते. या दिशेने भारतात मोठे काम झाले आहे. वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले आणि तेथून भय, शिक्षा व स्पर्धा यांना रजा दिली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ते विचार महाराष्ट्रात आणले. 1945 मध्ये त्या बोर्डीस गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांसाठी जन्म घातला. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. मुले गुरांमागे कुरणात जातात तर शाळा कुरणात भरली. शाळेत जी मुले मुकी वाटत होती, ती आपल्या अंगणात मुकी नव्हती. हेच सूत्र शहरातल्या वर्गालाही लागू पडते: मुलाने शिक्षकापर्यंत यावे म्हणून वाट पाहण्याऐवजी शिक्षकानेच चार पावले चालावी.

ही पावले खर्चाची नाहीत. प्रश्न विचारून मनातल्या मनात तीन अंक मोजावे. हात वर करावयास न सांगता सर्वांना पाटीवर उत्तर लिहावयास सांगावे आणि रांगेतून फिरून ते वाचावे. वर्गासमोर बोलण्याआधी शेजाऱ्याशी बोलू द्यावे. ज्या मुलाला तीस जणांसमोर शब्द फुटत नाही, त्याला एकासमोर सहज फुटतो. हजेरीपत्रकावरून रोज तीन नावे घेऊन त्या मुलांविषयी एकेक ओळ वहीत लिहावी. दहा दिवसांत सारा वर्ग पुरा होतो, आणि ज्याच्याविषयी लिहावयास काहीच सुचत नाही, तेच मूल आजवर नजरेतून सुटले होते हे शिक्षकाला आपोआप कळते. शाबासकी द्यावी ती नेमकी द्यावी. ‘छान’ या शब्दापेक्षा ‘वजाबाकी चुकली होती, ती तू स्वतः शोधून काढलीस’ हे वाक्य मुलाच्या मनात अधिक काळ राहते. आणि लाजाळू मुलाला ते सभेत न सांगता त्याच्या बाकाशी वाकून सांगावे.

कायद्याचेही या बाबतीत पाठबळ आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात, मूल भय व चिंता यांपासून मुक्त व्हावे आणि त्याला आपले विचार मोकळेपणी मांडण्यास साहाय्य व्हावे, असे म्हटले आहे. हे शब्द केवळ बोलक्या मुलांसाठी लिहिलेले नाहीत.

घरच्या माणसांचाही यात वाटा आहे. पाहुण्यांसमोर ‘आमचा जरा मुखदुर्बळच आहे’ असे आईवडील हसत सांगतात, आणि मूल ते ऐकत असते. त्यापेक्षा ‘आज बक्षीस मिळाले का?’ या प्रश्नाच्या जागी ‘आज काय पाहिलेस?’ असे विचारले, तर अबोल मुलाकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. कारण इतर मुले बोलत असताना ते पाहत असते.

माँटेसरींच्या शाळेत शांततेचा एक पाठ असे. मुले डोळे मिटून निश्चल बसत, आणि शेजारच्या खोलीतून बाई अगदी कुजबुजत्या स्वरात एकेकाचे नाव घेत. आपले नाव ऐकू येताच मूल पावलांचा आवाज न करता उठून जाई, आणि त्याच्या चेहऱ्यावर निवड झाल्याचा आनंद दिसे. त्या पाठात कोणाचेही नाव गळत नसे. तेलीबांध्याच्या तळ्याकाठी असो की कोसबाडच्या टेकडीवर, तिसऱ्या ओळीतल्या त्या मुलीला व्यासपीठ नको असते. वर्षातून एकदा तरी, हळू का होईना, आपले नाव घेतले जाईल आणि आपली पाटी वाचली जाईल, एवढीच तिची अपेक्षा असते.