रेडवूडच्या शेंड्यावरचा सॅलॅमँडर

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर रेडवूड नावाचे वृक्ष आहेत. त्यांतले काही शंभर मीटरच्याही वर गेले आहेत. त्यांच्या माथ्यावर वीतभरही नसलेला एक उभयचर प्राणी राहतो: भटका सॅलॅमँडर, शास्त्रीय नाव अ‍ॅनायडीस व्हॅग्रन्स. तो तिथे कसा तगतो, हे आपण क्रमाने पाहू.

आधी ओळख. फोटो पाहून पुष्कळांना ही पाल वाटते. पण पालीच्या अंगावर खवले असतात, बोटांना नख्या असतात. सॅलॅमँडरला दोन्ही नाहीत. तो बेडकाचा नातेवाईक. बेडूक, सॅलॅमँडर आणि आपल्या सह्याद्रीत मातीखाली सापडणारी देवगांडुळे असे उभयचरांचे तीन गट आहेत. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाही. भारतात तो पाहायचा तर दार्जिलिंगच्या बाजूला जावे लागते.

आता श्वास. भटक्या सॅलॅमँडरला फुप्फुसेच नाहीत. हवेतला प्राणवायू त्याच्या कातडीवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथून रक्तात जातो. थोडा श्वास तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरातूनही होतो. कातडी वाळली की जीव संपला, इतके हे साधे आहे.

मग वाऱ्या-उन्हात, इतक्या उंचीवर ओल येते कुठून? सगळी गोष्ट या प्रश्नाभोवती फिरते, म्हणून इथे थोडे थांबू. वादळात रेडवूडचा शेंडा मोडतो. मोडलेल्या जागेतून नवे शेंडे फुटतात आणि त्यांच्या बेचक्यांत पाला, साल, काटक्या साचत जातात. तो कचरा कुजून माती होते. त्या मातीत चिवट पानांचा नेचा रुजतो आणि त्याच्या मुळांची जाड गादी तयार होते. एकेका झाडावर अशा गाद्यांचे वजन शेकडो किलो भरते. पावसाळा हिवाळ्यातला, उन्हाळा कोरडा, पण समुद्रावरून धुके येते. गादी हे पाणी स्पंजासारखे धरून ठेवते. संशोधक स्टीफन सिलेट आणि त्यांचे सहकारी दोरांनी झाडांवर चढले, गाद्या तपासल्या, आणि त्यांत राहणाऱ्या या सॅलॅमँडरांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला.

चढण्यासाठी त्याला लांब पाय आणि रुंद बोटे आहेत. पाऊल उचलण्याआधी बोटांच्या टोकांत रक्त भरते आणि त्यामुळे पकड सुटायला मदत होते, असे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

पडला तर? 2022 मध्ये संशोधक ख्रिश्चन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी त्याला खालून वर वारा सोडणाऱ्या यंत्रात ठेवून पाहिले. तो पाय पसरतो, शेपटीने तोल धरतो, वळतो, आणि पडण्याचा वेग 10 टक्क्यांपर्यंत कमी करतो. पंख नाहीत, बोटांत मोठे पडदे नाहीत, तरी हे त्याला जमते.

पिलांसाठीही त्याला डबके लागत नाही. मादी ओलसर पोकळीत अंडी घालते आणि राखण करते. अंड्यातून बेडूकमासा येत नाही, पूर्ण घडलेले इवलेसे पिल्लूच बाहेर पडते.

प्रदेशाबाबत एक गफलत नेहमी होते. हा प्राणी उत्तर कॅलिफोर्नियात आहे आणि कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावरही आहे. म्हणजे मधल्या सगळ्या किनाऱ्यावर असणार, असे वाटते. तसे नाही. मधल्या ऑरेगॉनमध्ये त्याचा भाऊबंद, वेगळी जात आहे. 1990च्या दशकापर्यंत दोघांना एकच समजत. बेटावर तो बहुधा माणसाबरोबर गेला. कातडी कमावण्यासाठी कॅलिफोर्नियातून टॅनओक या झाडाची साल जहाजांनी तिकडे जाई, तिच्यात लपून.

दुसरी गफलत अधिक महागात पडते: झाडे तोडली तरी पुन्हा लावली की झाले. जुन्या रेडवूड वनांपैकी सुमारे 5 टक्केच उरली आहेत. नवा रेडवूड भराभर वाढतो, हे खरे. पण त्याचा शेंडा अजून मोडलेला नसतो, बेचके नसते, माती नसते. गादी जमायला पिढ्या जातात. माझ्या मते जुने झाड वाचवणे हेच या प्राण्याचे खरे संरक्षण आहे, बाकी सारे दुय्यम. 1918 मध्ये स्थापन झालेल्या सेव्ह द रेडवूड्स लीगने जमिनी विकत घेऊन तेच केले. 1968 मध्ये रेडवूडचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1978 मध्ये ते वाढवले गेले.

धोका बाहेरूनही येऊ शकतो. सॅलॅमँडरची कातडी खाणारी एक बुरशी युरोपात पसरली आहे. ती येऊ नये म्हणून अमेरिकेने 2016 मध्ये 201 जातींच्या सॅलॅमँडरांची आयात थांबवली.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे कॅलिफोर्नियात आहेत. त्यांच्याकडे गेलात आणि या वनात फिरलात, तर पायवाट सोडू नका. सॅलॅमँडर पडलेल्या ओंडक्यांतही राहतो. ओंडका उलटू नका, आणि तो दिसलाच तर हातात घेऊ नका. हाताला लावलेले क्रीम त्याच्या कातडीतून थेट आत जाते.