बोटीवरील जनरेटरचे हेलकावे

अमेरिकेतील सरोवरांवर आणि किनाऱ्यालगत फिरणाऱ्या हाउसबोटी व केबिनच्या मोटारबोटी यांवर वातानुकूलन, फ्रिज आणि शेगडी यांसाठी पेट्रोलवर चालणारा जनरेटर बऱ्याचदा कायमचा बसवलेला असतो. मुख्य इंजिन पेट्रोलचे असल्यावर दोघांनाही एकाच टाकीतून इंधन मिळावे, हा त्यामागचा सरळ हिशेब असतो. (कोकणातील यांत्रिक मासेमारी नौका डिझेलवर चालत असल्याने तिथे असा जनरेटर विरळाच.) या यंत्राची नेहमीची तक्रार म्हणजे त्याचे एका वेगावर स्थिर न राहणे, आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि केबिनमधले दिवे त्या तालावर उजळतात व मंदावतात. कारागीर याला ‘हंटिंग’ म्हणतात. अधूनमधून अनियमितपणे ठेच खाणारे इंजिन, म्हणजेच ‘मिसिंग’, हा वेगळा दोष असून तो बहुधा प्लग, कॉइल किंवा झडपा यांच्याकडे बोट दाखवतो. हेलकाव्याला मात्र ठरावीक लय असते, आणि ती लय हीच तपासाची पहिली खूण ठरते.

मोटारीच्या इंजिनाला वेग बदलण्याची मुभा असते, जनरेटरला ती नसते, कारण विजेची वारंवारता थेट फेऱ्यांवर अवलंबून असते. अमेरिकेतील 60 हर्ट्झसाठी चार चुंबकीय ध्रुवांच्या यंत्राला मिनिटाला 1800 आणि दोन ध्रुवांच्या यंत्राला 3600 फेरे घ्यावे लागतात. भारतातील 50 हर्ट्झसाठी हेच आकडे 1500 आणि 3000 होतात. हा वेग राखण्याचे काम गव्हर्नरकडे असते. त्यातील फिरती वजने वेग वाढताच बाहेर फेकली जाऊन थ्रॉटल, म्हणजे कार्बोरेटरमधील हवेची फिरती झडप, मिटू पाहतात आणि समोरची स्प्रिंग ती उघडी ठेवू पाहते. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवलेल्या गव्हर्नरचे तत्त्व हेच होते, आणि असा नियामक कधी स्थिरावतो व कधी स्वतःच झुलू लागतो याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 च्या निबंधात मांडले. यांत्रिक गव्हर्नर भार वाढल्यावर वेग थोडा खाली जाऊ देतो, म्हणून भाराविना 62 हर्ट्झच्या आसपास दिसणारा आकडा हा दोष नसून मुद्दाम ठेवलेली सोय असते.

झाकण काढल्यावर डोळ्यांना प्रथम दिसते ती थ्रॉटलची दांडी, एखाद्या सेकंदाच्या अंतराने पुढे-मागे होणारी; त्यामुळे पाना लगेच गव्हर्नरच्या स्क्रूकडे वळतो आणि बहुतेक बिघाड वाढतात ते इथेच. जे हलताना दिसते ते दोषी असतेच असे नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडले की वेग उतरतो, गव्हर्नर झडप उघडतो, उघडलेल्या झडपेमुळे पेट्रोलची पुढची वाट खुली होऊन वेग ठरलेल्या रेषेच्या वर जातो, गव्हर्नर झडप मिटतो आणि इंजिन पुन्हा त्याच उपाशी वाटेवर येऊन पडते. हे चक्र चालू असताना गव्हर्नर आपले काम चोखच करत असतो.

गव्हर्नरचा दोष आणि इंधनाचा दोष वेगळे ओळखण्याची कसोटी साधी आहे. विजेची सर्व उपकरणे बंद करून, थ्रॉटलची दांडी बोटाने हलकेच एका जागी धरायची. इंजिन स्थिर झाले तर शोध गव्हर्नरमध्ये घ्यायचा: खाऱ्या हवेने गंजलेला सांधा, ताण गमावलेली स्प्रिंग, झिजून सैल झालेले भोक. दांडी धरूनही इंजिन डळमळत राहिले, तर दोष इंधनात किंवा ठिणगीत. दांडी उघडण्याच्या दिशेने ओढणे मात्र धोक्याचे, कारण भार नसलेले इंजिन क्षणात मर्यादेबाहेर पळते. यानंतर चोक किंचित मिटवून पाहावा. चोक हवा कमी करतो, आणि तेवढ्याने हेलकावे थांबले तर मिश्रण पातळ आहे, हे जवळजवळ नक्की समजावे.

पेट्रोल कमी पडण्याची कारणे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत कुठेही असू शकतात. टाकीची हवानळी कीटकांच्या घरट्याने बुजली असेल, तर इंजिन काही वेळ बरे चालून मग धापा टाकते आणि भरणीचे झाकण सैल करताच सुधारते. नळी फुटल्यास टाकीतील पेट्रोल आपोआप बोटीत वाहू नये म्हणून टाकीच्या तोंडाशी सायफनरोधक झडप असते. ती अडकली की पंपाची ताकद अपुरी पडते. अशा वेळी त्रास भाराखाली वाढतो. याउलट भार टाकताच हेलकावे नाहीसे होत असतील, तर संशय कार्बोरेटरच्या मंदगती जेटवर जातो, कारण भाराखाली इंजिन मुख्य जेटवर चालते.

मंदगती जेट म्हणजे पितळेचा छोटा तुकडा, मध्ये केसाएवढे छिद्र. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या बोटीत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि उरलेला डिंकासारखा पिवळसर थर छिद्राच्या काठावर बसतो. उजेडासमोर धरल्यास गोल दिसायला हवे ते छिद्र चंद्रकोरीसारखे दिसते. तार घालून ते साफ करण्याचा मोह होतो, पण पितळ मऊ असल्याने छिद्र मोठे होते आणि उपाशी इंजिन अधाशी बनते. द्रावणात भिजवून हवेचा झोत मारणे हाच योग्य मार्ग. इथेनॉलने ही अडचण वाढवली आहे. ते पाणी शोषते आणि पाणी फार झाले की त्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमके शोषनळीच्या तोंडाशी बसते. अमेरिकेत 15 टक्के इथेनॉलचे पेट्रोल बोटींच्या इंजिनांना वर्ज्य आहे. भारतात पंपांवर 20 टक्क्यांचे मिश्रण आल्यापासून जुन्या कार्बोरेटरच्या सुट्या जनरेटरांनाही मिश्रण पातळ होण्याची हीच अडचण येऊ शकते.

जमिनीवरच्या गॅरेजमधील सवयी इथे जशाच्या तशा चालत नाहीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवण्याची सूचना अमेरिकेतील बोटींवर ठळकपणे लावलेली असते. गॅस्केटमधून हवा शिरते का हे पाहण्यासाठी ज्वालाग्राही फवारा मारण्याऐवजी पाण्याचा बारीक फवारा पुरतो. गळतीच्या जागी तो पडताच इंजिनाचा सूर बदलतो. स्वस्त पडतो म्हणून मोटारीचा कार्बोरेटर बसवणे हा तर निव्वळ अविचार, कारण बोटीच्या कार्बोरेटरची रचना ओसंडलेले पेट्रोल बाहेर न सांडता आत, इंजिनाकडे जाईल अशी असते. मिश्रण गरजेपेक्षा अधिक दाट ठेवून हेलकावे लपवण्याची युक्तीही तितकीच घातक, कारण त्याने कार्बन मोनॉक्साइड वाढतो. अमेरिकेतील लेक पॉवेल सरोवरावर 2000 साली हाउसबोटीमागे झालेल्या मृत्यूंनंतरच्या तपासात, पोहण्याच्या फळीखाली सोडलेला जनरेटरचा धूर तिथेच साचून राहतो हे समोर आले होते.

ज्या यंत्रांत वजने-स्प्रिंगऐवजी इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर असतो, तिथे आणखी एक शक्यता उरते. काही प्रकारांत तो वेगाचा अंदाज जनरेटरच्या विजेवरूनच घेतो, त्यामुळे एक सैल किंवा गंजलेली जोडणी त्याला खोटी बातमी देते आणि निरोगी इंजिनही झुलू लागते. त्याची संवेदनशीलता फिरकीने कमी करून आवाज शांत करता येतो, पण मग एअर कंडिशनर सुरू होताच वेग कोसळतो. म्हणून गव्हर्नरला हात लावायचा तो इंधन, ठिणगी आणि जोडण्या तपासून झाल्यावर, वारंवारता दाखवणारा मीटर जोडून. आधी भाराविना, मग अर्ध्या आणि पूर्ण भारावर आकडा पाहून, आणि हवेच्या तोंडावरची ज्वालारोधक जाळी पुन्हा जागेवर बसवून, कारण तेलकट जाळी हवा अडवते आणि ती काढून जुळवलेले मिश्रण ती परत बसताच बदलते.