यकृतातील गाठ वेळीच ओळखा

यकृतातील कर्करोगाची गाठ लहान असताना सहसा दुखत नाही. दुखू लागते तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून ज्यांना सिरोसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दर ६ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी, असे आम्ही आवर्जून सांगतो.

सोनोग्राफीत शंका आली तर शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन अथवा एमआरआय करतात. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून मिळते. हा कर्करोग मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसतो. त्यामुळे औषध धमनीतून येताच गाठ उजळते आणि थोड्या वेळाने भोवतालच्या यकृताहून काळसर दिसते. हीच तिची खूण.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. तेव्हा बंधु-भगिनींनो, भीती नको, तपासणी हवी!