ऊसतोडणी यंत्रातील दोन तारा

कऱ्हाड-वाळव्याच्या पट्ट्यात बीडकडच्या टोळ्यांबरोबर आता तोडणी यंत्रेही फडात उतरतात. यंत्र मध्येच बंद पडले की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि तोटा आपलाच. म्हणून त्याच्या वायरिंगविषयी थोडे सांगतो.

इंजिन, हायड्रॉलिक, चालकापुढचा डिस्प्ले, प्रत्येकाचे कार्ड वेगळे. ती एकमेकांना सुट्या तारांनी जोडायची तर नुसता गुंता होईल. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली 'कॅन' पद्धत मांडली. तीत पीळ दिलेल्या दोनच तारा, आणि एका पाटावर अनेक दारे असावीत तशी सगळी कार्डे त्यांवरच. दोन निरोप एकदम निघाले तर लहान क्रमांकाचा पुढे जातो, दुसरा थांबतो. पाळीच्या पाण्याला एवढी शिस्त असती तर!

तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टन्स असतो. तो नसला तर निरोप टोकावरून उलटा फिरतो नि गोंधळ माजतो. बॅटरी सोडून दोन तारांमध्ये मीटर लावा. ६० ओहमच्या आसपास दाखवले तर ठीक. १२० दाखवले तर एक रेझिस्टन्स गेलाय किंवा मध्ये तार तुटलीय. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. काही मिस्त्री थेट कार्डच बदलायला सांगतात. कार्ड महाग असते, आधी मीटर लावायला लावा.

उंदराने कुरतडलेली तार जोडताना पीळ कायम ठेवावा. यंत्राला वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरी सोडून कार्डांचे प्लग आधी काढावेत.