पहिल्या पाळीआधीचा थकवा

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरच्या उचगावातून आणि आसपासच्या खेड्यांतून रोज सकाळी जी माणसे बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक वसाहतींत पहिल्या पाळीला जातात, त्यांचा दिवस पहाटेच सुरू होतो. आणि ज्याला आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा विकार जडला आहे, त्याच्या दृष्टीने दिवसातला सर्वांत अवघड काळ नेमका हाच असतो. रात्र अंथरुणात काढूनही सकाळी अंगात त्राण नसते, दोन-तीनदा शौचाला जाऊन आल्यावर पाय गळून जातात, आणि तशाच अवस्थेत बस गाठून आठ-दहा तास उभे राहावे लागते. घरात याला आळस म्हणतात, कारखान्यात कामचुकारपणा म्हणतात, आणि दवाखान्यात रोगी रक्त व जुलाब यांविषयी सांगतो, थकव्याविषयी बहुधा बोलतच नाही. वास्तविक हा थकवा रोगाचाच भाग आहे. त्याची कारणे शोधता येतात, त्यांतली बरीचशी साध्या रक्ततपासणीत सापडतात आणि काही पूर्णपणे दूरही करता येतात.

या विकाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर व्रण पडतात. ही सूज गुदाशयापासून सुरू होऊन वर पसरते, आणि रक्त व आव पडणे हे तिचे ठळक लक्षण असते. क्रोन्स डिसीजमध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाचा कोणताही भाग सापडू शकतो, तरी लहान आतड्याचा शेवटचा भाग त्यात विशेष धरला जातो. सूज भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरत असल्यामुळे आतडे जागोजागी अरुंद होते. पहिल्या प्रकाराचे नाव लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांच्या १८५९ च्या नोंदीपासून वैद्यकात आले, तर दुसऱ्याचे वर्णन न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १९३२ मध्ये केले. दोन्ही विकारांत शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते, आणि दोन्ही वर्षानुवर्षे कमी-जास्त होत राहतात. हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, ही समजूत भारतात पुष्कळ काळ टिकली. पण पंजाबात घरोघरी जाऊन केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण लाखामागे सुमारे ४४ इतके आढळले.

बेळगावच्या सीमाभागातल्या रोग्याला निदानापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, याची कारणे समजण्यासारखी आहेत. रक्त पडले की मूळव्याध आणि पोट बिघडले की आव, असे धरून चालण्याची रीत सगळीकडेच आहे. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आढळतो आणि तो क्रोन्स डिसीजच्याच जागी, तशाच व्रणांसह आणि तशाच वजनघटीसह दिसू शकत असल्यामुळे, दुर्बिणीच्या तपासणीत तुकडा काढून पाहिल्यावरही कधी कधी डॉक्टरांना क्षयाचे औषध देऊन परिणामाची वाट पाहावी लागते. मात्र एक खूण सामान्य माणसालाही ओळखता येते: गाढ झोपेतून उठून शौचाला जावे लागणे. निव्वळ चिंतेने किंवा आतड्याच्या हळवेपणाने बिघडणारे पोट माणसाला सहसा झोपू देते; दाह झोप मोडतो.

सकाळच्या थकव्याचे एक मूळ या मोडलेल्या झोपेत आहे, पण तेवढेच एक नाही. दाह पेटलेला असताना रक्तात सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने वाढतात आणि ती मेंदूवर परिणाम करून, तापात येते तशी मरगळ आणतात. दुसरे कारण रक्तक्षयाचे. आतड्यातून रोज थोडे रक्त गेले तरी काही महिन्यांत शरीरातला लोहाचा साठा संपतो. त्यातच दाहामुळे यकृतातून हेपसिडिन नावाचे संप्रेरक जास्त स्रवते आणि ते आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही, म्हणून पालेभाजी, गूळ, खजूर भरपूर खाऊनही हिमोग्लोबिन वर चढत नाही. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खालचे हिमोग्लोबिन रक्तक्षय मानले जाते. लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनच्या तपासणीत मात्र एक फसगत संभवते, कारण दाहात फेरिटिन स्वतःच वाढते; एरवी ३० च्या खालचा आकडा लोहाची कमतरता दाखवतो, तर दाह चालू असताना १०० पर्यंतचा आकडाही कमतरतेचाच असू शकतो. अशा वेळी पोटातून घेतलेल्या गोळ्या लागू पडत नाहीत, कधी पोट अधिकच बिघडवतात, आणि शिरेतून दिलेले लोह उपयोगी पडते. लहान आतड्याचा शेवटचा भाग रोगाने खराब झाला असेल किंवा शस्त्रक्रियेत काढला असेल, तर बी-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही, आणि मग हातापायांना मुंग्या येणे व विसरभोळेपणा हेही थकव्याच्या जोडीला येतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड यांची तपासणी ही थकव्याच्या तक्रारीची पहिली पायरी समजली पाहिजे. एवढे करूनही, आतडे शांत झालेल्या पुष्कळ रोग्यांत थकवा उरतोच. बेताचा नियमित व्यायाम आणि मनाच्या उदासीनतेवर वेळीच घेतलेले उपचार यांचा त्यांना थोडाफार आधार होतो.

पहाटेच हे सारे एकवटते, याला शरीराचे घड्याळ कारणीभूत आहे. रात्री मोठे आतडे मंद असते, जाग येताच त्याच्या जोरदार लाटा सुरू होतात, आणि पोटात काही पडले की त्या आणखी वाढतात. सुजलेल्या आतड्याला हा धक्का सोसत नाही. त्यामुळे निरोगी माणसाचे पाच मिनिटांचे काम रोग्याला तासभर पुरते. उपाशीपोटी कडक चहा घेण्याची सवय अशा वेळी घाई वाढवते, आणि लोहाची गोळी चहासोबत घेतल्यास ती जवळजवळ वाया जाते. पाळीच्या वेळेपूर्वी दीड-दोन तास उठणे, थोडे खाऊन आतड्याला त्याचे काम घरीच उरकू देणे, आणि रात्रीचे जेवण लवकर व हलके घेणे हा अनेक रोग्यांनी स्वतःच शोधून काढलेला क्रम शरीरशास्त्राशी जुळणारा आहे; अडचण एवढीच की लवकर उठण्याची किंमत झोपेतून द्यावी लागते, म्हणून झोपही तितकीच अलीकडे आणावी लागते.

औषधांच्या बाबतीत एक धोका वेगळा सांगायला हवा. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी दाह झपाट्याने उतरतो, भूक लागते, अंगात तरतरी येते, आणि कामावर जाणे भाग असलेला माणूस जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहतो. या गोळ्यांवर असताना मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम सोडून देतात. गोळ्या एकाएकी बंद केल्या की त्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत, आणि मग येणारा गळाठा, चक्कर आणि उलट्या प्रसंगी जिवावर बेततात. स्टिरॉइड थोड्या काळासाठी, सकाळी, खाऊन घ्यायचे आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्याने कमी करायचे औषध आहे. संध्याकाळी घेतल्यास ते झोप उडवते. दुसरीकडे, अंग दुखते म्हणून कामावर जाण्यापूर्वी घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आतड्याचा दाह पुन्हा पेटवू शकतात. दीर्घकाळासाठी मेसालामिन, अझाथायोप्रिन आणि जैविक औषधे आहेत. कोलायटिससाठी मेसालामिन दिवसातून एकदाच घेतले तरी तेवढेच चालते, ही गोष्ट कामावर डबा आणि औषधे दोन्ही सांभाळणाऱ्याला सोयीची आहे.

कामाचे स्वरूप या रोगात फार फरक पाडते. बेळगावच्या ओतकामाच्या कारखान्यांत भट्टीजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या शरीरातून घामावाटे पाणी आणि मीठ जात असते. त्याच दिवशी पाच-सहा जुलाब झाले तर दुपारपर्यंत पायांत गोळे येतात, आणि शौचाला जावे लागू नये म्हणून तो पाणी पिणेच टाळतो, ज्याने थकवा दुप्पट होतो. साध्या पाण्यापेक्षा अशा वेळी मीठ-साखरेचे प्रमाणशीर पाणी, म्हणजे ओआरएस, शरीरात अधिक ठरते. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या स्त्रियांची अडचण निराळी आहे. मांडीवर सूप, त्यात कातरलेली पाने आणि तंबाखू, बोटांत दोरा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे प्रत्येक वेळी उठावे लागले की तेवढ्या विड्या कमी होतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्यातल्या कामाला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, पण घरी बसून वळणाऱ्या बाईचे तास कोणी मोजत नाही. धूम्रपानाने क्रोन्स डिसीज निश्चितपणे बळावतो, हेही तंबाखूच्या या मुलखात सांगितले जायला हवे.

१९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी आणि पुरेसे संडास या तरतुदी होत्या. कर्नाटकाने २०२३ मध्ये आठवड्याची मर्यादा तीच ठेवून दिवसाचे काम बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा दिली. निरोगी कामगाराला चार लांब दिवस आणि तीन सुट्ट्या कदाचित परवडतील. ज्याचे बळ दहाव्या तासाला संपलेले असते त्याला ते परवडत नाहीत, आणि हा फरक हिशेबात धरलेला दिसत नाही. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे कामगार ज्याला ईएसआय म्हणतात त्यात, पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी आजार सुरू होताच दवाखान्यात नोंद करून दाखला घ्यावा लागतो. पण बहुतेक जण आधी खाडे करतात आणि दाखल्याचा विचार मागाहून करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. हिमोफिलिया आणि थॅलेसीमिया तिच्यात आहेत, आतड्याचा दाह नाही. त्यामुळे पहिल्या पाळीऐवजी दुसरी पाळी, संडासाजवळची कामाची जागा, रोग उसळलेला असताना भट्टीऐवजी तपासणीच्या टेबलावरचे काम, या साध्या सवलती कायद्याने मागता येत नाहीत आणि त्या सुपरवायझरच्या मर्जीवर राहतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीत रोगाच्या नावाबरोबर ‘सकाळच्या वेळी त्रास अधिक, पाळी बदलून द्यावी’ एवढे एक वाक्य लिहिलेले असले, तर त्या मर्जीला काहीतरी आधार तरी मिळतो.