दुसऱ्या वर्षातलं बाळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पहिला वाढदिवस झाला की घरोघरी एकच तक्रार सुरू होते : "आता काही खातच नाही हो!" आजी वरणभाताची वाटी घेऊन गॅलरीत, मग जिन्यात, शेवटी मोबाइलवर गाणी लावून मागे मागे. आई डॉक्टरांकडे भुकेचं टॉनिक मागते.

खरं तर बाळाची भूक गेलेली नसते. पहिल्या वर्षात त्याचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षभरात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूक कमी होणारच. सकाळी दोन घास आणि रात्री अख्खी पोळी, असं चालायचंच. माता-बाल संरक्षण कार्डावरची वजनाची रेघ नीट वर चढत असेल आणि मूल खेळतं असेल, तर टॉनिकचं काही काम नाही. काय आणि केव्हा वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते बाळाने. ताटलीत मऊ भात, घट्ट वरण, उकडलेल्या बटाट्याच्या बारीक फोडी ठेवा आणि त्याला आपल्यासोबत जेवायला बसवा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत तो एकेक शीत उचलेल, निम्मं मांडीवर सांडेल. सांडू द्या. हातांची पकड अशीच तयार होते.

"जेवला नाही तर निदान दूध तरी पोटात जाऊ दे." माझ्या मते सगळ्यांत महागात पडतो तो हा समज. या वयात रोज सुमारे 8 मिलिग्रॅम लोह लागतं, आणि गाई-म्हशीच्या लिटरभर दुधात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. वर दुधाने पोट गच्च भरल्यावर जेवण आणखी घटतं. बाळ गुटगुटीत दिसतं, पण रक्त कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्तक्षय आढळला. कारणं अनेक आहेत, पण दुधाची बाटली हे आपल्या हातातलं कारण आहे. वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, तेही कपाने. जेवणात डाळी, पालेभाजी, अंडं, मासे, वर लिंबू पिळून. आशाताई देतात ते लोहाचं सिरप ताकात न घालता नेमाने द्या. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षं आणि पुढेही खुशाल चालू ठेवावं.

"वॉकरमध्ये ठेवलं की लवकर चालतं." उलट, बसत्या वॉकरमुळे चालणं लांबू शकतं, आणि जिन्यावरून पडण्याचा धोका इतका की कॅनडाने 2004 मध्येच त्याच्यावर बंदी घातली. जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं. कुणी दहाव्या महिन्यात चालतं, कुणी सतराव्या. अठरा महिने उलटूनही आधाराशिवाय पाऊल पडत नसेल, तर मात्र दाखवायला हवं.

डोळे मोठे व्हावेत म्हणून घालायचं काजळ बंदच करा. त्याने डोळे मोठे होत नाहीत, आणि काही काजळांत शिसं सापडलं आहे.

चालण्याची आपल्याला घाई असते, बोलण्याच्या बाबतीत मात्र आपण नको तितके निवांत. "याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला." "मुलगे उशिराच बोलतात." मुलींच्या तुलनेत मुलग्यांना सरासरी थोडा उशीर होतो, पण तो महिना-दोन महिन्यांचा, वर्षांचा नव्हे. घरात दोन भाषा असल्यामुळेही बोलणं अडत नाही, तेव्हा त्यासाठी मराठी सोडू नका. आंघोळ घालताना, भाजी निवडताना बाळाशी बोला, त्याच्या उत्तरासाठी क्षणभर थांबा. मोबाइलवरचं गाणं थांबत नाही, म्हणून दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते.

वर्षाचं होऊनही बाळ बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत "दूध दे", "बाबा आला" असे दोन शब्द जोडत नसेल, तर वाट पाहू नका. टीव्हीच्या आवाजाला वळून बघतं म्हणजे ऐकू येतंच, असंही नाही. आधी कानांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ती मोफत होते. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना याच आठवड्यात विचारा.