थोड्या पैशांत इंजिनात जान

डहाणू-तलासरीच्या परिसरात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांतले चिकू, बंदरावरची मासळी, पाड्यांवरची भाजी असे बरेच काही तिच्यावरूनच बाजारात येते. तीच गाडी दुपारी मुलीला कॉलेजात सोडते आणि रात्रीबेरात्री आजारी माणसाला दवाखान्यात नेते. गाडीने दम टाकला की घराचा हिशेब कोलमडतो. त्यात समुद्रकिनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या चार चाकांच्या एटीव्ही आल्या, आणि तरुण मुलांच्या तोंडी एकच प्रश्न ऐकू येऊ लागला: कमी पैशांत इंजिनची पॉवर वाढवायची कशी?

प्रश्न रास्त आहे. मुलांना दटावून गप्प बसवण्यापेक्षा त्याचे उत्तर घरातल्या मोठ्यांनीच समजून घ्यावे, असे आम्हां शिक्षकांना वाटते.

एकाच घराण्यातली इंजिने

होंडा कंपनीने १९५८ मध्ये जपानात सुपर कब ही गाडी काढली. तिच्या आडव्या, एका सिलिंडरच्या आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा वंश पुढे जगभर पसरला. आपल्याकडची १९८५ ची सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर याच घराण्यातल्या. ११० ते १२५ सीसीच्या पुष्कळ लहान एटीव्हींतही याच धाटणीचे इंजिन असते. त्यामुळे स्प्लेंडर खोलणाऱ्या मिस्त्रीला ते परके वाटत नाही.

या इंजिनांना रेडिएटर नसतो. सिलिंडरच्या बाहेरच्या फिन आणि आतले ऑइल, एवढ्यावरच त्यांची उष्णता निघते. फिनमध्ये चिखल वाळून बसला, ऑइल कमी झाले किंवा जड माल घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ चढण चढली, की इंजिन तापते. ताकद वाढवायची म्हणजे उष्णताही वाढणार, हे आधी ध्यानात ठेवावे.

आधी पाहा, ताकद गेली कुठे

जुन्या गाडीत नवी ताकद घालण्यापूर्वी हरवलेली ताकद परत मिळवणे स्वस्त पडते. एअर फिल्टर तुंबलेला असणे, चेन सैल पडणे, ब्रेक चिकटणे, टायरमध्ये हवा कमी असणे, क्लच सरकणे, यांतले काहीही इंजिन न खोलता दुरुस्त होते. प्लग काढून पाहावा. त्याचा रंग कॉफीसारखा असेल तर ठीक. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त येते किंवा ऑइल जळते. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते.

त्यानंतर कॉम्प्रेशन तपासावे. मीटरवर दाब कमी दिसला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहतात. दाब वाढला तर दोष रिंग-पिस्टनचा, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा. एक्सलेटर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगवर संशय घ्यावा. फक्त सकाळी चालू करताना थोडा वेळ येत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलवर. एवढी तपासणी न करता जो ‘फुल इंजिन करावे लागेल’ म्हणतो, त्याला कारण विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

काटकसर कुठे, खर्च कुठे

क्रँकचे बेअरिंग आवाज करत नसेल तर फुल इंजिनची गरज नसते, ‘हाफ इंजिन’ पुरते. म्हणजे हेड आणि ब्लॉक उतरवून बोअर, पिस्टन, रिंग आणि व्हॉल्व्हचे काम. झिजलेल्या ब्लॉकला बोअर मारून किंचित मोठा पिस्टन बसवतात. हे पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठे मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. पिस्टन आधी विकत घ्यावा आणि त्याच्या मापाने बोअर मारून घ्यावा. उलटे केल्यास गाळा चुकतो.

व्हॉल्व्ह घासून नीट बसवणे, फिन साफ करणे, कार्बोरेटर धुणे ही कामे मेहनतीची असली तरी पैशाने हलकी आहेत. मात्र पिस्टन, रिंग, गॅस्केट आणि सील यांत नकली माल घेऊन वाचवलेले पैसे दुप्पट जातात. ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेले पाहावे. मोटारीचे ऑइल घातले तर क्लच सरकण्याची भीती असते. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी ओढून घेते. किनाऱ्याच्या दमट हवेत गाडी अनेक दिवस उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा आणि जुने रबरी भाग बदलून घ्यावेत.

भूमितीचा एक धडा

मराठी माध्यमात जिला वृत्तचिती म्हणतात आणि उर्दू माध्यमात उस्तुवाना, तोच हा सिलिंडर. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५. घनफळाच्या सूत्रात घातले की ९७.२ सीसी येतात. बोअर ५१ केला तर १०१.१. म्हणजे वाढ झाली फक्त चार टक्के! सात-साडेसात हॉर्सपॉवरच्या इंजिनात ती जेमतेम पाव ते एक तृतीयांश हॉर्सपॉवर. मुलांनी वहीवर हे गणित मांडले की ‘बोअर मारला, आता गाडी उडणार’ हा भ्रम आपोआप निघून जातो.

याहून पुढे जायचे तर मोठा ब्लॉक, घासलेले हेड, मोठा जेट अशी साखळी सुरू होते. हेड घासल्याने कॉम्प्रेशन वाढते, पण साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊ लागते आणि हवेवर थंड होणारा ब्लॉक ती उष्णता सोसत नाही. शिवाय ब्रेक तेच जुने राहतात. ताकद दुप्पट झाली तरी थांबण्याची शक्ती तेवढीच, हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको.

कायद्याची बाजू

कंपनीने सांगितलेल्या मापाचा पिस्टन बसवणे ही दुरुस्ती झाली. मोठा ब्लॉक बसवून नोंदणीपुस्तकातली सीसी बदलणे हा फेरफार झाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्याला मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यावर वाद होतो तो निराळाच. नोंदणी नसलेली एटीव्ही सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही.

अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. लाडाची ही किंमत फार मोठी आहे.

हौसेला वाट द्या

पण मुलाला इंजिनाची ओढ असेल तर ती मारू नये. जुनी, बंद पडलेली गाडी त्याला खोलू द्यावी. प्रत्येक भागाचे माप आणि खर्च वहीत लिहायला लावावा. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. गॅरेजवर नुसते पाने पुसत बसण्यापेक्षा हातात प्रमाणपत्र असलेला मिस्त्री केव्हाही बरा. हातात काळे ऑइल लागले म्हणून कोणी लहान होत नाही. दुसऱ्याची गाडी अमानत समजून जो तिचे काम करतो, त्याच्या दारी गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते. बंद गाडी सुरू होऊन एखाद्या घराची रोजी पुन्हा चालू लागली, तर त्या मुलाने वाढवलेली ताकद कोणत्याही मीटरवर मोजायची गरज नाही.